तक्रार ते ठराव : भिसेगावचं गटार नगरपरिषदेच्या सभेत पोहोचतं कसं?

(एपिसोडचा लिखित मजकूर. वांगणी गेली की ज्यांचं नेटवर्क जातं, त्यांच्यासाठी खास.)

कर्जत लोकलच्या दारात उभं राहून ऐकत असाल तर आधी जरा आत सरका, मग बोलू.

आज मी एका गटाराबद्दल बोलणार आहे. हसू नका. भिसेगावात राहणाऱ्या कुणालाही विचारा, पावसाळ्यात गप्पा फिरून फिरून गटारावरच येतात. आणि हल्ली त्या व्हॉट्सॲपवर होतात. कुणीतरी तुंबलेल्या गटाराचा फोटो टाकतं, खाली पंधरा रागावलेले इमोजी येतात, एक जण नगरसेवकांना टॅग करतो, नगरसेवक अंगठा दाखवतात. संध्याकाळपर्यंत त्या फोटोवर तीन गुड नाइट आणि एक वाढदिवस चढलेला असतो. विषय संपला.

आता प्रश्न असा की त्या फोटोचं पुढे काय झालं? बहुतेक वेळा काहीच नाही. त्यात दर वेळी कुणाचा दुष्टपणाच असतो असं नाही. नगरपरिषद हे कागदावर चालणारं घर आहे. तिथे तुमचा राग पोहोचत नाही, तुमचा अर्ज पोहोचतो. तक्रार आणि निर्णय यांच्यामध्ये एक लांबलचक वाट आहे, आणि ती वाट आपल्याला शाळेत कुणी नीट दाखवलेली नाही. आज ती चालून बघू.

आधी घर कुणाचं ते बघू

भिसेगाव कर्जत नगरपरिषदेच्या हद्दीत येतं. स्टेशन, मुद्रे, दहिवली, गुंडगे, भिसेगाव हे सगळं मिळून एक नगरपरिषद. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे तीस हजार होती. चाळीस हजारांच्या आतली शहरं आपल्याकडे ‘क’ वर्गात मोडतात. म्हणजे कर वसुली कमी, इंजिनिअर मोजके, आणि मोठ्या कामासाठी सरकारकडे हात पसरणं आलंच.

हे घर चालतं ‘महाराष्ट्र नगरपरिषदा, नगरपंचायती व औद्योगिक नगरी अधिनियम, १९६५’ या कायद्यावर. नाव लांब आहे, गाभा सोपा आहे. ठरवायचं काम निवडून आलेल्या सभागृहाचं, करायचं काम मुख्याधिकाऱ्यांचं. नगराध्यक्षांना आपण थेट मत देतो, नगरसेवकांना प्रभागातून. मुख्याधिकारी सरकारने नेमलेले असतात, त्यांना आपण निवडत नाही. त्यामुळे ‘नगराध्यक्षांनी जेसीबी पाठवला नाही’ आणि ‘मुख्याधिकाऱ्यांनी ठराव केला नाही’ ही दोन्ही वाक्यं चुकीच्या दारावरची थाप आहे.

कायद्यात कामांची दोन भागांत वाटणी आहे : बंधनकारक आणि ऐच्छिक. रस्त्यावरचे दिवे, साफसफाई, गटारं, पाणी, सार्वजनिक रस्ते ही बंधनकारक कामं. बाग, वाचनालय वगैरे ऐच्छिक. म्हणजे गटार मागताना आपण उपकार मागत नाही, बरं का.

मग गेली काही वर्षं विचारायचं कुणाला, असं का वाटत होतं? कारण विचारायला सभागृहच नव्हतं. २०१९ मध्ये निवडून आलेल्या सभागृहाची पाच वर्षांची मुदत २०२४ मध्ये संपली. ओबीसी आरक्षण आणि प्रभाग रचनेच्या कोर्टकचेरीत राज्यभरच्या निवडणुका अडकलेल्या होत्या. ६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्या असं सांगितलं, आणि अखेर डिसेंबर २०२५ मध्ये राज्यातल्या नगरपरिषदा आणि नगरपंचायतींची मतदानं झाली. निकाल २१ डिसेंबरला लागले. मधल्या काळात प्रशासक. सभागृहाचे अधिकार एका खुर्चीत. काम होतंही अशा वेळी, पण ‘आमच्या गल्लीचं काय?’ असं भर सभेत विचारणारा माणूस नसतो.

आता तो आहे. म्हणूनच हा एपिसोड आत्ता.

ग्रामसभेत बोलता येतं, इथे ऐकता येतं

एक गंमत सांगते. भिसेगावातून थोडं बाहेर पडा, नगरपरिषदेची हद्द संपते आणि ग्रामपंचायत सुरू होते. तिथे राहणाऱ्या तुमच्या मित्राला २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर अशा दिवशी ग्रामसभेत उभं राहून सरपंचांना सगळ्यांसमोर प्रश्न विचारता येतो. तो मतदार आहे, एवढं पुरे.

आपण शहरवाले. आपल्याकडे सर्वसाधारण सभेत बोलतात ते नगराध्यक्ष, नगरसेवक आणि माहिती द्यायला अधिकारी. ७४ व्या घटनादुरुस्तीने वॉर्ड समित्या सक्तीच्या केल्या, पण तीन लाख आणि त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांसाठी. कर्जतला ते लागू होत नाही. म्हणजे गावाचं शहर झालं, कर वाढला, आणि माईक मात्र हातातून गेला.

पण कान गेलेले नाहीत. हे नीट ऐका. सर्वसाधारण सभा दोन महिन्यांतून एकदा तरी व्हायला हवी. तिची नोटीस आणि विषयपत्रिका सात पूर्ण दिवस आधी निघते, विशेष सभेची तीन दिवस आधी. आणि सभा लोकांसाठी खुली असते. एखादा विषय बंद दाराआड घ्यावा असं अध्यक्षांना वाटलं, तर तो अपवाद. एरवी तुम्ही जाऊन शांतपणे बसू शकता.

‘बसून काय होणार?’ बरंच होतं. समोर त्या गल्लीचे सात-आठ लोक बसलेले असले की विषय ‘पुढील सभेत घेऊ’ म्हणून ढकलणं अवघड जातं. टाळ्या वाजवू नका, ओरडू नका. फक्त बसा आणि लिहून घ्या.

विषयपत्रिका हाती आली की शेवटची ओळ आधी वाचा. तिथे लिहिलेलं असतं, ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय’. आधी जाहीर झालेल्या विषयावर नगरसेवक तयारी करून येऊ शकतो, आपण त्याला भेटू शकतो. ऐनवेळच्या विषयावर यातलं काहीच होत नाही. म्हणून सभा झाल्यावर इतिवृत्तात हा भाग आवर्जून बघायचा.

गटार नेमकं कुणाचं?

समजा, तुमच्या गल्लीचं गटार तुंबतं. पाणी रस्त्यावर येतं, शाळेची पोरं बूट हातात घेऊन जातात, तळमजल्यावरच्या आजी दाराला गोणपाट लावून बसतात. अर्ज लिहायच्या आधी एक चक्कर मारा. पाण्याबरोबर चाला. ते कुठून येतं आणि कुठे जातं?

कर्जतमध्ये हा प्रश्न साधा नाही, कारण इथे एका नजरेत चार मालक दिसतात. गल्लीतला रस्ता नगरपरिषदेचा. मुरबाड–कर्जत–खोपोली हा मोठा रस्ता राष्ट्रीय महामार्ग ५४८अ. रुळांखालची मोरी आणि रुळांलगतची जमीन रेल्वेची. रस्त्यात मधोमध उभा असलेला विजेचा खांब महावितरणचा. आणि सगळ्यांचं पाणी शेवटी उल्हास नदीला.

आता बघा. गल्लीतलं गटार नगरपरिषदेने कितीही रुंद केलं, पण पुढे पाणी ज्या मोरीतून जायचं ती लहान किंवा गाळाने भरलेली असेल, तर रुंद गटार म्हणजे फक्त मोठी टाकी. मोरी दुसऱ्या खात्याची असेल तर नगरपरिषदेला तिथे फावडंही मारता येत नाही, परवानगी लागते. तेव्हा सभेकडे मागणी करताना ‘गटार बांधा’ एवढंच लिहून भागत नाही. ‘अमुक खात्याकडे मोरीसाठी पत्र द्या आणि त्याची प्रत आम्हाला द्या’ हेही लिहायला लागतं.

आणि उताराचं गणित. गटार शंभर मीटर लांब असेल आणि शंभर मीटरला अर्धा मीटर उतार धरला असेल, तर शेवटचं टोक सुरुवातीपेक्षा अर्धा मीटर खाली हवं. खाली जायला जागाच नसेल तर पाणी थांबणारच. यात राजकारण नाही, पाण्याला पक्ष नसतो.

पैसे आहेत, पण कुठल्या डब्यातले?

सभेत एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘निधी उपलब्ध नाही.’ लगेच कुणीतरी म्हणतं, ‘मग परवा आलेले पैसे गेले कुठे?’ दोघंही खरं बोलत असू शकतात.

घरात आजीचे डबे असायचे बघा. एक किराण्याचा, एक देवाचा, एक पोरांच्या फीचा. देवाच्या डब्यातून किराणा आणायचा नाही. नगरपरिषदेचंही तसंच. उदाहरण घ्या पंधराव्या वित्त आयोगाचं, २०२१ ते २०२६ या वर्षांसाठीचं. दहा लाखांपेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांना त्यातून येणाऱ्या अनुदानातला ६० टक्के भाग बांधलेला होता : अर्धा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी, अर्धा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. उरलेला ४० टक्के मोकळा. म्हणजे बांधील पैशातून गल्लीचा रस्ता करता येत नाही, कितीही वाटलं तरी.

त्याशिवाय राज्याचं नगरोत्थान अभियान, जिल्हा नियोजन समितीचा निधी, आमदार-खासदार निधी, आणि आपली स्वतःची घरपट्टी-पाणीपट्टी. प्रत्येकाला कागदात ‘लेखाशीर्ष’ असतं. म्हणून नगरसेवकांना विचारायचा शहाणा प्रश्न असा : ‘साहेब, हे काम कुठल्या लेखाशीर्षातून बसेल?’ एवढं विचारलंत की समोरचा माणूस खुर्चीत जरा सरळ बसतो.

वेळेचंही भान हवं. आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, बजेट त्याआधी मंजूर होतं. पावसाळ्यातला राग जानेवारीत अर्ज होऊन गेला तर बजेटमध्ये जागा मिळण्याची आशा. जूनमध्ये गेला तर गाळ काढण्यापुरता.

आता वाट चालू

तुमचा अर्ज गेला. पुढे काय काय होतं ते क्रमाने :

१. बांधकाम विभागाचा अभियंता जागा बघतो, मोजतो आणि अंदाजपत्रक तयार करतो.

२. विषय समितीपुढे किंवा थेट सर्वसाधारण सभेपुढे येतो. एक नगरसेवक सूचक, दुसरा अनुमोदक. चर्चा, गरज पडली तर मतदान, आणि मग ठराव. ठरावाला नंबर असतो. हा नंबर म्हणजे तुमच्या गटाराचा आधार कार्ड नंबर समजा.

३. तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता. योजनेनुसार या वरच्या कार्यालयातूनही येतात.

४. निविदा. मोठ्या कामांची ई-निविदा निघते आणि ती ऑनलाइन बघता येते.

५. ठेकेदाराला कार्यादेश, म्हणजे वर्क ऑर्डर. त्यात कामाची मुदत लिहिलेली असते.

६. काम, मोजमाप पुस्तिकेत नोंद, बिल. त्यानंतर दोषदायित्व कालावधी. या काळात काम उखडलं तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचं असतं.

आता व्हॉट्सॲपवर ‘काम मंजूर!’ असा फलक आला की घाई करू नका. मंजूर म्हणजे दुसरी पायरी की पाचवी? ठराव झालेलं काम आणि वर्क ऑर्डर निघालेलं काम यात कधी कधी दोन पावसाळ्यांचं अंतर असतं.

भांडण कशावरून होतं?

सभेतला वाद बघून वाटतं, हे लोक उगाच भांडतात. पण खालच्या गल्लीत उतरलं की कळतं, वाद खरा आहे.

पहिला मुद्दा रस्त्याच्या उंचीचा. जुना रस्ता न खोदता त्यावर काँक्रीट ओतलं की रस्ता चढतो आणि घर खाली जातं. पूर्वी दोन पायऱ्या चढून आत जायचो, आता एक पायरी उतरून. नवा रस्ता बघून बाईकवाला खूश आणि तळमजल्यावरच्या आजी धास्तावलेल्या. दोघंही भिसेगावकरच. म्हणून अंदाजपत्रकात ‘जुना थर काढणे’ ही बाब आहे का आणि रस्त्याची तयार पातळी किती, हे काम सुरू व्हायच्या आधी विचारायचं. काँक्रीट सुकल्यावर विचारून उपयोग नाही.

दुसरा मुद्दा क्रमाचा. आधी पाण्याची पाइपलाइन, मग गटार, मग केबल, शेवटी रस्ता. उलटं झालं की नवाकोरा रस्ता खोदला जातो. पण रस्ता दिसतो, फोटोत येतो; जमिनीखालची पाइप दिसत नाही. त्यामुळे आपणही रस्ताच आधी मागतो. यात चूक फक्त सभागृहाची नाही, मागणाऱ्यांचीही आहे.

तिसरा मुद्दा नाजूक. गटार रुंद करायचं म्हटलं की कुणाचा तरी ओटा जातो, कुणाची पायरी, कुणाचं दुकानापुढचं छप्पर. ‘गटार झालं पाहिजे, पण समोरच्या बाजूने’ हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. इथे नगरसेवक गप्प बसतो, कारण दोन्ही घरांत त्याची मतं आहेत. ही गाठ सभेत सुटत नाही. ती गल्लीत, संध्याकाळी खुर्च्या टाकून, टेप हातात घेऊन मोजल्यावर सुटते. आणि ज्याची पायरी जाणार आहे त्याचं काय, हे आधी ठरवलं पाहिजे. त्याला खलनायक करून गटार होत नाही.

आणि एखादा ठराव बेकायदेशीर आहे किंवा त्याने लोकांना उपद्रव होईल असं दिसलं, तर जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. तीही वाट कायद्यात आहे.

एवढी घाई का?

कारण कर्जत बदलतंय, आणि वेगात. पनवेल–कर्जत उपनगरी रेल्वेमार्ग, २९.६ किलोमीटरचा, तीन बोगदे. त्यातला वावर्ल्याचा तब्बल २,६२५ मीटर लांब. त्यावर नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने बदलापूर–कर्जत तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेलाही मंजुरी दिली. गाड्या वाढल्या की माणसं येणार, माणसं आली की इमारती. आपल्यातलेच कित्येक जण या गाड्यांची वाट बघतायत, मीसुद्धा.

पण एक हिशेब करू. दहा गुंठे मोकळी जमीन म्हणजे साधारण हजार चौरस मीटर. तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर तेवढ्या जमिनीवर ५० हजार लिटर पाणी पडतं. दहा हजार लिटरचे पाच टँकर! जमीन मातीची असेल, भातखाचर असेल, तर बरंच पाणी मुरतं, थांबतं, सावकाश जातं. तिथे इमारत आणि पेव्हर ब्लॉक आले की जवळजवळ पाचही टँकर लगेच गटारात. गटार मात्र जुन्याच मापाचं.

आणि उल्हास काय करू शकते ते आपण पाहिलंय. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली, हजाराहून जास्त प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. जुलै २०२१ मध्ये रायगडभर हाहाकार झाला. नदी भरलेली असते तेव्हा गटाराचं तोंडच बुडतं, पाणी बाहेर पडायच्या ऐवजी मागे फिरतं. म्हणून आज बांधलं जाणारं गटार कुठल्या पावसासाठी आणि किती इमारतींसाठी मोजलंय, हा प्रश्न आत्ता विचारला पाहिजे. एकदा बांधलेलं गटार पंचवीस वर्षं कुणी पुन्हा बांधत नाही.

बरं, मग आज काय करायचं?

फोनवरच करायचं. एक, गटाराचा फोटो काढा, त्यात ओळखीची खूण येऊ द्या, तारीख लिहा. दोन, पाचच ओळींचा अर्ज :

‘मा. मुख्याधिकारी, कर्जत नगरपरिषद. विषय : अमुक गल्लीतील गटाराची उंची, उतार व रुंदी तपासण्याबाबत. अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंत सुमारे इतके मीटर गटार पावसात भरून वाहते, पाणी इतक्या घरांत शिरते. कृपया जागेची पाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व विषय पुढील सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. पुढील मोरी अन्य खात्याची असल्यास त्यांना पत्र देऊन प्रत आम्हास द्यावी.’

खाली गल्लीतल्या घरांच्या सह्या. प्रत नगराध्यक्षांना आणि प्रभागातल्या नगरसेवकांना. आवक विभागात द्या आणि पोच घेतल्याशिवाय घरी येऊ नका. शिक्का आणि तारीख असलेली ती पोच म्हणजे खरा फोटो.

तीन, दोन महिन्यांत काही कळलं नाही तर माहिती अधिकार. दहा रुपये फी, तीस दिवसांत उत्तर. ‘माझ्या अर्जावर काय कार्यवाही झाली, कुठल्या तारखेला, ठराव क्रमांक काय?’ इतकंच विचारा. रागाचं निबंधलेखन नको.

चार, पुढची सभा कधी आहे ते शोधा आणि जा. एकटे जाऊ नका, गल्लीतल्या एका काकांना आणि एका मावशींना घेऊन जा. त्यांना रस्त्याची जुनी उंची माहीत असते.

तर मंडळी, ऐकणाऱ्यांपैकी जे पहिल्यांदा सभेत जाऊन बसतील, त्यांनी मला व्हॉइस नोट पाठवा : विषय किती होते, किती विषयांवर खरंच चर्चा झाली, आणि ऐनवेळी किती आले. पुढच्या भागात घरपट्टीची आकारणी आणि त्यावर हरकत कशी घ्यायची ते बघू. पावसाळ्याआधी एकदा पाण्याच्या वाटेने चालून या. चला, भेटू!